हुपरींतील एक ध्वनिवर्धक

ध्वनिवर्धक हें यंत्र आतां आमच्या प्रांतांत इतकें सर्वसाधारण झालें आहे कीं, त्यालाहि कांहीं इतिहास असेल ही कल्पना सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. देवळाच्या शिखराला कर्णा आहे, लग्नमंडपाच्या खांबाला पेटी आहे, रिक्षाच्या बैठकीमागें डबा आहे. आवाज निघतो एवढ्यानें सर्वांचें समाधान होतें. परंतु आवाज वाढविण्याची ही विद्या आली कोठून, ती प्रथम कोणाच्या हातीं होती, आणि बेताच्या ऐपतीच्या घरांत, घरच्याच माणसाच्या हातानें, ती केव्हां व कशी उतरली, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ वर्षें छळीत आला आहे. त्याचें कारण अंशतः खासगी आहे. तें पुढें येईलच. प्रश्न मात्र खासगी नाहीं. राजांच्या मोहिमांचा इतिहास लिहिला जातो, गवयांच्या घराण्यांचाहि लिहिला जातो. रात्रीं जेवणें आटोपल्यावर पाटावर बसून, राळेच्या धुरांत डोळे चोळीत ज्यांनीं यंत्रें जुळविलीं त्यांचा लिहिला जात नाहीं, कारण त्यांनीं कागद ठेवले नाहींत. हिशेबाची वही सुद्धां बहुधा आईच्या धाकानें फाडून टाकलेली असते.

कृष्णा-पंचगंगेच्या कांठचा हा मुलूख ध्वनिवर्धकाशिवाय फार मोठ्या आवाजानें गाइलेला आहे, हें आधीं सांगितलें पाहिजे. हुपरीच्या शेजारींच इचलकरंजी. तेथें बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांनीं ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रांत रुजविली. कोल्हापूर दरबारीं अल्लादियाखांसाहेब होते, मिरजेस अब्दुल करीमखांसाहेब. कोल्हापुरास शाहूमहाराजांनीं बांधविलेलें पॅलेस थिएटर १९१५ सालीं उघडलें. ज्या संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचें (१८९०–१९२१) नांव पुढें त्या वास्तूस मिळालें, त्यांच्या आवाजाची फेंक केवढी असेल याचा अंदाज तें प्रेक्षागार पाहूनच करावा लागे. करावा लागे असें आम्ही म्हणतों, कारण ८ ऑगस्ट १९२४ नव्हे, तर २०२४ च्या रात्रीं तें नाट्यगृह आगींत सांपडलें, आणि ही तारीख लिहितांना अजूनहि आमचा हात शतकाची चूक करूं पाहतो; इतकी ती गोष्ट अलीकडची वाटूं नये असें मनाला वाटतें. त्या काळीं नटाच्या छातींतील वारा, लांकडी रंगमंच आणि छताची उंची एवढींच काय तीं साधनें होतीं. शेवटच्या बांकावरील आणेवाल्यास पद ऐकूं गेलें नाहीं तर तो तसें ओरडून सांगत असे, आणि नटास तें मुकाट्यानें ऐकून घ्यावें लागे.

मिरजेच्या तंतुवाद्यांची गोष्ट याच संदर्भांत मोलाची आहे. सतार-तंबोरे करणारीं तेथील घराणीं मूळचीं शिकलगारांचीं. तलवारी-भाल्यांना धार लावणें हा त्यांचा धंदा. एकोणिसाव्या शतकांत हत्यारांची मागणी ओसरली तेव्हां त्यांतील कांहीं कुशल माणसें, ज्यांत फरीदसाहेबांचें नांव प्रथम घेतात, वाद्यें दुरुस्त करूं लागलीं आणि पुढें तीं नवीं घडवूं लागलीं. २०२४ सालीं मिरजेच्या सतार-तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. हात तोच राहतो व कसब दुसऱ्या वस्तूंत शिरतें, याचें याहून स्पष्ट उदाहरण आमच्या भागांत दुसरें नाहीं.

मात्र येथें एक घोटाळा टाळला पाहिजे. तंबोऱ्याचा भोपळा आवाज वाढवितो असें आपण बोलतों खरें, पण भोपळा स्वतःचें असें कांहीं घालीत नाहीं. तारेला बोटानें जेवढी शक्ति दिली तेवढीच तो हवेच्या अधिक पदरांत घालतो. ध्वनिवर्धकाचें तत्त्व निराळें आहे. ज्यानें उंसाच्या मळ्यांत पाणी फिरविलें आहे त्याला तें लगेच समजेल. पाटाचें दार एका हातानें वरखालीं करणाऱ्या पोराच्या अंगांत कितीसें बळ असतें? पण दाराच्या मागें धरणाचें पाणी उभें असतें, आणि पोराचा हात जसा हलेल तसा लोंढा कमीजास्त होतो. ध्वनिवर्धकांत धरणाच्या जागीं विजेचा पुरवठा असतो, पोराच्या जागीं गाण्याची क्षीण लहर असते, आणि मधलें दार हाच सर्व शोधाचा विषय.

हें दार प्रथम कांचेच्या दिव्यांत सांपडलें. १९०४ सालीं इंग्लंडांत फ्लेमिंग यानें दोन टोकांचा निर्वात दिवा केला. १९०६ सालीं अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यानें त्यांत जाळीचें तिसरें टोक घातलें. गंमत अशी कीं, आपला दिवा काम करतो तो आंत उरलेल्या वायूमुळें, असा खुद्द शोधकाचा समज होता. आणि खरें पाहतां तो वायु जितका काढून टाकावा तितका दिवा सुधारत होता! शोध लावणें आणि शोध समजणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. या दिव्याचा पहिला मोठा उपयोग गाण्यासाठीं झालाच नाहीं. दूरच्या तारेंत विरून जाणारें टेलिफोनचें बोलणें वाटेंत पुन्हां वाढवावें म्हणून टेलिफोन कंपनीनें तो उचलला, आणि १९१५ सालीं न्यूयॉर्कचा माणूस सॅनफ्रान्सिस्कोच्या माणसाशीं बोलला.

पुढची पायरी आमच्या मतें त्याहूनहि महत्त्वाची आहे. टेलिफोनचा आवाज अनेक ठिकाणीं वाढवीत नेला कीं प्रत्येक यंत्राचा दोष त्यांत मिसळत जाई, आणि शेवटीं कानांत पडे ती नुसती खरखर. हॅरल्ड ब्लॅक नांवाच्या तरुण इंजिनियरास २ ऑगस्ट १९२७ रोजीं सकाळीं, कामावर जातांना, हडसन नदीवरील होडींत यावर तोड सुचली आणि त्यानें ती हातांतल्या वर्तमानपत्रावरच खरडून ठेवली. तोड अशी: यंत्राची वाढविण्याची शक्ति जरूरीपेक्षां पुष्कळ अधिक ठेवावी, आणि बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा अंश उलटा करून पुन्हां तोंडाशीं आणून सोडावा. यंत्रानें मूळ लहरींत जें पदरचें मिसळलें असेल तें त्यामुळें आपोआप कापलें जातें. शक्ति दवडून सचोटी विकत घ्यावयाची, असा हा व्यवहार. तो लोकांस इतका विपरीत वाटला कीं, पेटंट हातीं येण्यास १९३७ साल उजाडलें. आज बाजारांत मिळणाऱ्या स्वस्तांतल्या स्वस्त ध्वनिवर्धकांतहि ब्लॅकची ही युक्ति दोन रेझिस्टन्सांच्या रूपानें बसलेली असते, आणि तो घेणाऱ्यास तिचें नांवहि ठाऊक नसतें.

आमच्या जिल्ह्यांत ही विद्या आली ती सिनेमाच्या दारानें. त्याआधीं येथें एक पूर्वतयारी झालेली होती. आनंदराव व बाबूराव पेंटर या मिस्त्री घराण्यांतील आते-मामे भावांनीं सिनेमाचें यंत्र स्वतः करण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ सालीं वारले. बाबूरावांनीं विष्णुपंत दामल्यांच्या साह्यानें कॅमेरा पुरा केला, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० सालीं पडद्यावर आला. विकत घेण्याची ऐपत नव्हती म्हणून घडविलें, असें याचें वर्णन करितात. तें अर्धेंच खरें आहे. ऐपत नसलेले लोक हजारों असतात. ते बहुतेक घडवीत नाहींत, वाट पाहतात. हेच दामले पुढें १९२९ सालीं कोल्हापुरांत निघालेल्या प्रभात कंपनीच्या स्थापकांत होते, आणि १९३२ सालीं 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट निघाला त्याच्या ध्वनिमुद्रणाची बाजू त्यांनींच संभाळली. हातानें कॅमेरा जुळविणारा माणूस बारा-चौदा वर्षांत ध्वनीकडे वळला. शिकलगार तंबोऱ्याकडे वळला होता तसाच.

तथापि घरांत बसून ध्वनिवर्धक करावा ही गोष्ट अजून फार दूर होती. मुंबईस नभोवाणी २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झाली. रेडिओ ही श्रीमंताच्या दिवाणखान्यांतील वस्तु होती, आणि तिला सरकारी परवाना लागे. व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक करावयाचा तर मोठी अडचण पैशाची, आणि दुसरी जिवाची. त्या दिव्यांना तीनशें-चारशें व्होल्टांचा दाब लागतो. वीज बंद केल्यावरहि कंडेन्सरांत तो दबा धरून बसतो, आणि बेसावध हाताला सोडीत नाहीं. शिवाय दिवा आणि स्पीकर यांच्यामध्यें एक वजनदार ट्रान्सफॉर्मर लागतो, ज्याच्या गुंडाळणीवर सर्व आवाजाचा कस अवलंबून असतो. एप्रिल १९४७ मध्यें इंग्लंडांतील 'वायरलेस वर्ल्ड' मासिकानें विल्यमसन यांची सुप्रसिद्ध पंधरा वॉटांची रचना छापली, आणि जगभर हौशी लोकांनीं ती घरीं करून पाहिली. तिचें मर्म त्या ट्रान्सफॉर्मरांत होतें, आणि तोच सर्वांत महाग होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अमेरिकेंत बार्डीन व ब्राटन यांनीं ट्रान्झिस्टर सिद्ध केला. घरगुती ध्वनिवर्धकाची परमावधि आणि तिच्या अंताचा आरंभ हीं एकाच सालांत यावींत, हा योगायोग इतिहासास वारंवार आवडतो असें दिसतें.

ट्रान्झिस्टरानें उच्च दाब गेला, आणि कांहीं वर्षांत तो जड ट्रान्सफॉर्मरहि गेला. १९५४ सालीं बंगळुरास भारत इलेक्ट्रॉनिक्स हा सरकारी कारखाना निघाला आणि पुढच्या दशकांत देशी बनावटीचे ट्रान्झिस्टर तेथून बाहेर पडूं लागले. १९६३ सालीं सांगलीस आकाशवाणीचें केंद्र झालें. रेडिओ दुरुस्त करणारा माणूस प्रत्येक बाजाराच्या गांवीं आला, आणि त्याच्या फळीवर मोडक्या संचांची रास पडली. ही रास म्हणजे आमच्या मुलांची प्रयोगशाळा. त्यानंतर आली ती एकसंध चिप: ज्या कामाला पूर्वीं पंधरा-वीस भाग लागत तें पांच पायांच्या, नखाएवढ्या काळ्या तुकड्यांत बसलें. आमच्या तरुणपणीं टीडीए-२०३० हा असा तुकडा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळे, व तेथून कोल्हापुरास येई.

आतां हुपरीकडे वळूं. हातकणंगले तालुक्यांतील हें गांव चांदीच्या दागिन्यांसाठीं देशभर ठाऊक आहे. चंदेरी नगरी असें त्यास कौतुकानें म्हणतात. पैंजण, साखळ्या, करदोटे, घुंगरें. पण बाहेरच्यास जें दिसत नाहीं तें असें कीं, हा धंदा मोठ्या कारखान्यांत नसून बव्हंशीं घरांत आहे. एका घरीं आटणी, एका घरीं तार ओढणें, एका घरीं कड्या जुळवणें, एका घरीं डाग, एका घरीं झिलई. आणि घुंगरें ओंवण्याचें काम तर ओसरीवर बसून बायका-मुली करितात. चांदी शेटजींची, कारागिराची मजुरी. चांदी तोलून येते, तोलून जाते, आणि मध्यें किती घट धरावी हें ठरलेलें असतें. त्या घटीवर संसार तरतो किंवा बुडतो.

अशा एका घरांत आम्ही वाढलों. आमचे थोरले चुलते, ज्यांस घरांत सर्वजण आप्पा म्हणत, डाग लावण्यांत निष्णात होते. टाकणखार लावून, फुंकणीची ज्योत नेमकी सांध्यावर धरून, सांधा उजळतांच हात काढून घेणें, ही त्यांची करामत. पण त्यांच्या तारुण्याचीं वर्षें ठोकणीच्या कामांत गेलीं होतीं, आणि ऐरणीच्या आवाजानें त्यांचे कान गेले होते. अगदीं बहिरे नव्हेत. माणूस बोलतो हें त्यांस कळे, काय बोलतो तें कळत नसे. भजनाला ते नियमानें जात, टाळ धरीत, आणि अभंग सुरू झाला कीं समोरच्याच्या ओठांकडे पाहत. १९८८ च्या पावसाळ्यांत घरीं एक लहान टेपरेकॉर्डर आला, आणि त्याबरोबर भीमसेन जोशी यांच्या अभंगांची कॅसेट. त्या डब्याच्या तळहाताएवढ्या स्पीकरांतून आप्पांना कांहींच लागेना. त्यांनीं दोन दिवस कान लावून पाहिलें, मग उठून कामास गेले. आम्हीं ध्वनिवर्धक करण्याचें ठरविलें तें या कारणानें. विद्येची जिज्ञासा वगैरे मागाहून आली.

पैसा नव्हता. सुटीच्या दिवसांत कड्या जुळवून जी मजुरी मिळाली ती, आणि आईनें डब्यांतून काढून दिलेले कांहीं रुपये, मिळून दोनशेंच्या आंत सर्व बसवावयाचें होतें. चिप स्वस्त होती. महाग होता तो विजेचा दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर. पहिला ध्वनिवर्धक करणाराची ही नेहमीची चूक आम्हींहि केली. आवाज चिप करते असें समजून आम्हीं चिपेकडे पाहिलें, ट्रान्सफॉर्मर मिळेल तो घेतला. स्पीकर मोडक्या रेडिओंतून काढलेला, पांच इंची, आठ ओहमांचा. तो पाण्याच्या जुन्या माठाच्या तोंडाशीं बसविला. माठ त्यास फार मानवतो. चिपेची उष्णता बाहेर काढण्यास ॲल्युमिनियमच्या फुटक्या ताटाचा तुकडा घेतला, आणि चिपेची पाठ त्यास टेंकतांना मध्यें अभ्रकाची चकती घातली, कारण त्या पाठीवर ऋण दाब उघडा असतो. या चकतीची गोष्ट आम्हांस रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका सज्जनानें सांगितली, आणि तिचे पैसे घेतले नाहींत.

सांधे जोडण्याचें काम आमच्या घराला अवघड नव्हतें. टाकणखाराच्या जागीं राळ, ज्योतीच्या जागीं तापलेला खिळा, चांदीच्या डागाच्या जागीं कथील-शिशाचें झाळण. बाकी नियम तेच. जागा स्वच्छ हवी, धातु दोन्हीकडे सारखा तापला पाहिजे, आणि हात हलतां कामा नये. आप्पांनीं आमचे पहिले तीन सांधे पाहिले, ते नखानें उचकटून टाकले, आणि पुन्हां करावयास सांगितले. मंद, भुरकट दिसणारा सांधा हा थंड सांधा. तो आज चालेल आणि उद्यां दगा देईल. पुस्तकांत हें आम्हीं पुष्कळ पुढें वाचलें.

येथें चांदीचा एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. वीज वाहून नेण्यांत सर्व धातूंत चांदी पहिली, तांबें दुसरें, असें आम्हीं शाळेच्या पुस्तकांत वाचलें होतें, आणि समोर पाटावर चांदीच्या तारेचें वेटाळें पडलेलें होतें. हातभर तार घेतली तर कोणास कळेल? आप्पांना कळलें. ते रागावले नाहींत. म्हणाले, "ही चांदी आपली न्हवं, बाळ. शेटजीनं तोलून दिलीया, तोलूनच परत मागनार." आम्हीं तार परत वेटाळ्यांत गुंडाळली. पुढें आंकडे पाहिले तेव्हां समजलें कीं चांदी तांब्याच्या पुढें आहे ती शेंकडा पांच-सहाच, आणि वीतभर तारेंत त्या अंतराचा कानाला कांहींहि पत्ता लागत नाहीं. चांदीच्या तारा महागानें विकणारे व्यापारी आज देशोदेशीं आहेत. त्यांना हुपरीचा कोणताहि तारवाला खरें काय तें सांगेल. चांदीची जरूरी खरोखर एकदांच पडली. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंत तांब्याचा तुटवडा होता म्हणून ओकरिज येथील प्रचंड विद्युच्चुंबकांसाठीं सरकारी खजिन्यांतून चौदा हजार टनांवर चांदी उसनी घेण्यांत आली. युद्ध संपल्यावर यंत्रें मोडलीं, आणि खालच्या लांकडी फळ्या उचकटून जाळल्या, ते राखेंतले कण गोळा करण्यासाठीं. शेवटची चांदी १९७० सालीं परत झाली. सोनाराच्या भट्टीची राख चाळणारे झारेकरी आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या हेंच करीत आले आहेत. ज्या बाँबच्या सिद्धतेसाठीं ती चांदी गेली त्याचा हिशेब मात्र कोणत्या तागडींत घालावा हें आम्हांस समजत नाहीं.

असो. यंत्र जुळलें, रात्रीं दहाच्या सुमारास लावलें, आणि दुसऱ्या क्षणीं चिपेंतून एक बारीक धूर निघून सर्व शांत झालें. कारण शोधण्यास आठ दिवस लागले. तें असें. ट्रान्सफॉर्मर होता बारा-शून्य-बारा व्होल्टांचा. पण बारा हा मध्यम आंकडा. लहरीचें टोक त्याच्या १.४१ पट, म्हणजे सुमारें सतरा व्होल्ट. आमची चिप अठरांच्या वर सहन करीत नाहीं. दिवसां हिशेब जेमतेम जमत होता. परंतु रात्रीं गांवांतील यंत्रें बंद झालीं कीं २३० व्होल्टांचे २५० होत. शिवाय भार नसलेला लहान ट्रान्सफॉर्मर आपल्यावर लिहिलेल्यापेक्षां जास्तच दाब देतो. दोन्ही मिळून अठराची मर्यादा ओलांडली गेली. कागदावरील आंकडे खोटे नव्हते; ते दुसऱ्या गांवच्या विजेसाठीं लिहिलेले होते. पुढें आम्हीं नऊ-शून्य-नऊचा ट्रान्सफॉर्मर मिळविला, त्यासाठीं आणखी दोन महिने कड्या जुळविल्या, आणि नवी चिप आणली.

नऊ व्होल्टांवर तिच्यांतून फार तर पांच वॉट मिळतात. हे थोडे वाटतात, पण कानाचा हिशेब व्यापाऱ्याच्या हिशेबाहून वेगळा आहे. आवाज दुप्पट मोठा वाटावा तर शक्ति जवळजवळ दसपट लागते; म्हणून पांचाचे दहा केल्यानें खिशाला कळतें, कानाला फारसें कळत नाहीं. घरांतल्या खोलीला पांच वॉट पुरून उरतात. ज्यांना हें पटत नाहीं त्यांनीं गणेश-विसर्जनाच्या मिरवणुकींत आमच्या भागांतील तो 'डॉल्बी' ऐकावा. छातीच्या फासळ्या हलविणाऱ्या त्या भिंतीला लोकांनीं ज्या रे डॉल्बीचें नांव दिलें, त्यानें १९६५ सालीं काढलेल्या कंपनीचें पहिलें यंत्र हें ध्वनिमुद्रणांतील खरखर कमी करण्याचें होतें! बिचाऱ्यास आपलें नांव कोठें पोंचलें याची कल्पनाहि नसेल.

दुसरी चिप चालली. तिची स्वतःची वाढविण्याची शक्ति तीस हजारांच्या घरांतली. बावीस हजार ओहम आणि सहाशें ऐंशीं ओहम अशा दोन रेझिस्टन्सांनीं ब्लॅकच्या युक्तीनें ती अवघ्या तेहतीस पटींवर आणलेली. आवाज स्वच्छ होता, भरदार होता, माठांतून पखवाज असा घुमला कीं शेजारचीं मुलें दाराशीं आलीं. आप्पा समोर बसले. अर्धी कॅसेट झाली. मग ते म्हणाले, "मोठं ऐकाय येतंय. पन काय म्हनतोय ते न्हाई लागत."

या वाक्यानें आम्हांस जेवढें शिकविलें तेवढें कोणत्याहि पुस्तकानें शिकविलें नाहीं. ऐरणीच्या आवाजानें कान जातो तो सगळा सारखा जात नाहीं. प्रथम जातात ते वरच्या पट्टीचे ध्वनि, सेकंदाला तीन-चार हजार कंपनांच्या आसपासचे. आणि स, त, क, ख असल्या व्यंजनांची ओळख पटते ती मुख्यतः वरच्या पट्टींतच. खालचे स्वर शाबूत राहतात. म्हणजे आप्पांना अभंगांतले आ-ई-ऊ ऐकूं येत होते, अक्षरें येत नव्हतीं. आणि आम्हीं आवाज वाढवून जें त्यांना ऐकूं येतच होतें तेंच अधिक मोठें केलें होतें. पखवाजाच्या घुमाऱ्याखालीं उरलींसुरलीं व्यंजनें बुडून गेलीं होतीं.

उपाय स्वस्त होता. चिपेच्या तोंडाशीं गाण्याची लहर ज्या कंडेन्सरांतून आंत येते तो एक मायक्रोफॅरडचा होता. बावीस हजार ओहमांच्या जोडीनें तो अगदीं खालचे ध्वनि सुद्धां आंत सोडतो. त्या जागीं आम्हीं त्याच्या शंभराव्या हिश्शाचा, ०.०१ चा, घातला. आतां सातशें कंपनांच्या खालचें सर्व दारांतच अडूं लागलें. आवाज बारीक झाला, पत्र्याच्या नळींतून आल्यासारखा. ज्यानें चांगलें गाणें ऐकलें आहे त्याला तो ऐकवेना. आम्हीं आवाजाची कळ पिळून आणखी वाढविली. आप्पा पाठ टेंकून बसले होते ते पुढें सरकले. एक अभंग संपला. दुसरा लागला तेव्हां त्यांचे ओठ हलूं लागले, आणि यावेळीं ते कोणाच्या तोंडाकडे पाहत नव्हते.

"पखवाज गेला बघ," ते म्हणाले, "पन बुवा बोलाय लागला."

आईला मात्र तो आवाज मुळींच आवडला नाहीं. तिला पखवाज हवा होता. म्हणून दुसऱ्या रविवारीं आम्हीं दोन्ही कंडेन्सर बसवून मध्यें एक साधी दुतोंडी कळ घातली: खालीं केली कीं आप्पांचा आवाज, वर केली कीं घराचा. संध्याकाळीं आप्पा हातपाय धुऊन आले कीं कोणीतरी ती खालीं करी. चिप त्यानंतर दोनदां बदलावी लागली, माठ एकदां फुटला, आणि कॅसेटा आतां कोणी वाजवीत नाहीं. ती पट्टी अजून चालते. तिच्यावरचे पहिले तीन सांधे आप्पांनीं उचकटून आमच्याकडून पुन्हां करून घेतलेले आहेत, आणि ते अद्याप उजळ आहेत.